नेलपॉलिश लावलेल्या गोगलगायी

"पटकन सांगा."

बाईंचं कुठलंही बोलणं इथूनच सुरू व्हायचं. म्हणता म्हणता त्या डावं मनगट उलटं करून घड्याळ बघत. समोर विद्यार्थी असो, प्राचार्य असोत की गॅसवाला, त्याला वाटायचं की आपली तोंडी परीक्षा सुरू झाली. एकदा आमच्या इमारतीतले एक आजोबा वारले. बाई भेटायला गेल्या, आजींच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पटकन सांगा, त्रास नाही ना झाला?" आजी रडायच्या थांबल्या आणि त्यांनी खरोखरच पटकन सांगून टाकलं. पुढे त्याच माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाकीचे येऊन नुसते उसासे टाकत बसतात. ही बाई आली तेव्हा जरा मोकळं वाटलं बघ."

अशी घाईची माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नाला ती नवरीच्या आधी पोचतात आणि पंगत बसायच्या आत आहेर देऊन मोकळी होतात. आमच्या बाई साडीवर धावायचे बूट घालत. जिना उतरताना पायरी गाळत. चहा बशीत ओतून, फुंकरसुद्धा न मारता पीत. आणि एवढ्या घाईच्या बाईने जन्मभर अभ्यासाला घेतलं काय, तर गोगलगाय! देवाला विनोदाचं अंग नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या बाईंना बघायला हवं होतं.

मी पालघरच्या एका कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवत होतो, बाई प्राणिशास्त्र. राहायला दोघंही बोईसरला, एकाच इमारतीत, समोरासमोर. त्यामुळे त्यांचं येणंजाणं माझ्या गाडीतून व्हायचं. माझी गाडी जुनी, मी सावकाश चालवणारा. "जरा दाबा की हो," हे वाक्य ऐकत मी नोकरीची शेवटची वर्षं काढली.

स्टाफरूममध्ये त्यांना मागून 'गोगलबाई' म्हणत. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण तर दर आठवड्याला कुणीतरी नव्याने शोध लागल्यासारखी म्हणायचं. खरं सांगायचं तर ही म्हण बाईंना मुळीच लागू नव्हती. त्यांच्या पोटात काही राहायचंच नाही, सगळं तोंडावर. कुणी काही वावडी उडवली की त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न यायचा, "पुरावा आहे?" या एका प्रश्नाने स्टाफरूममधल्या कितीतरी रसाळ गोष्टी अकाली वारल्या.

एकदा मीच विचारलं, "बाई, या गोगलगायींचं नेमकं करता काय?"

"पटकन सांगते," त्या म्हणाल्या. "घरात एक पोथी आहे समजा. तिच्यातला एक शब्दही बदललेला नाही. पण कुणीतरी मधली काही पानं डिंकाने चिकटवून टाकली. मग ती पानं वाचली जातील?"

"नाही."

"संपलं. कारखान्याच्या नाल्याकडेला गोगलगायी असतात. त्या मातीत शिसं, कॅडमियम आणि काय काय असतं. त्याने पोथी बदलत नाही, पानं चिकटतात. आता मला एवढंच बघायचंय की त्यांची पिल्लं, आणि पिल्लांची पिल्लं, स्वच्छ मातीत जन्मली, कारखाना त्यांनी कधी बघितलासुद्धा नाही, तर त्यांची पानं सुटी होतात का चिकटलेलीच राहतात."

"म्हणजे आजीने खाल्लेलं नातीला बाधतं का?"

"हिशेबाच्या माणसाला बरं कळलं," त्या म्हणाल्या आणि तासावर गेल्या. तास सुरू व्हायला अजून बराच वेळ होता.

तर या कामाला दोन प्रकारच्या गोगलगायी लागत. एक, बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या. दुसऱ्या, स्वच्छ जागेतल्या, तुलनेसाठी. स्वच्छ म्हणजे कुठल्या? आमच्याकडच्या कुणालाही विचारा, तो सांगेल, केळवे. नारळी-पोफळी, पानवेली, समुद्राचा वारा. मुंबईची माणसं शनिवार-रविवारी तिथे फुप्फुसं धुवायला येतात. एका पावसाळ्यात बाईंनी मला गाडी काढायला लावली.

वाडीवाले काका उघडेबंब, कमरेला कोयता. बाईंनी काय हवंय ते सांगितल्यावर त्यांनी आनंदाने हात जोडले. "गोगलगायी? न्या की बाय! पोतं भरून न्या. माझी पानवेल खाऊन ऱ्हायल्यात मेल्या. इतकी वर्सं देवाला सांगतो, कोनतरी येऊन न्या ह्यांना. तुमी आलाव!"

पोतं नाही, पण एक मोठा प्लास्टिकचा डबा भरला. झाकणाला बाईंनी हवेसाठी भोकं पाडली होती. घाईत जरा मोठीच पाडली होती. परत येताना पालघरजवळच्या माहीमच्या वळणावर चहाला थांबलो. येऊन बघतो तर समोरच्या काचेवर आतून गोगलगायींची वरात निघालेली, एक स्टिअरिंगवर, एक आरशावर, आणि मागच्या सीटवर तर संमेलन भरलेलं. मला या बुळबुळीत प्राण्यांची मनापासून किळस. मी रस्त्यात उभा राहून ओरडत होतो आणि बाई एकेकीला काचेवरून अलगद सोडवत म्हणत होत्या, "ओरडू नका हो, घाबरतात त्या." मी घाबरलोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत पेट्या मांडल्या. ओळख पटावी म्हणून प्रत्येकीच्या शंखावर नेलपॉलिशचा ठिपका लावला. कारखान्याकडच्यांना लाल, केळव्याच्यांना हिरवा. स्वतःच्या नखांना बाईंनी कधी नेलपॉलिश लावलं नसेल, पण बोईसर स्टेशनसमोरचा कटलरीवाला त्यांना बघताच हिरवी बाटली पुढे करायचा.

शंख बळकट व्हायला चुना लागतो, तो त्यांना अंड्याच्या टरफलांतून मिळायचा. त्यासाठी बाईंनी अख्ख्या कॉलेजला कामाला लावलं होतं. स्टाफरूमच्या कोपऱ्यात एक बरणी असे, तीत ज्याने त्याने घरची टरफलं आणून टाकायची. प्राचार्यही टाकत. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि श्रावण आला.

श्रावणात आमच्याकडे अंडं बंद. ऐन पावसाळा, गोगलगायी जोमात, वाढीचे दिवस, आणि बरणी रिकामी! बाई दर माणसाला अडवू लागल्या. "पटकन सांगा, तुमच्याकडे कुणीच खात नाही?" जीवशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापकाला तर त्यांनी विज्ञाननिष्ठा म्हणून अंडं खायला सांगितलं. त्याची आई कॉलेजात येऊन भांडून गेली.

शेवटी बाईंना अंडाभुर्जीची गाडी सापडली. शिफ्ट सुटण्याच्या वेळेला कारखान्याच्या बसथांब्याजवळ उभी राहते ती. भय्या उत्तरेकडचा. त्याचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधीच संपलेला, त्यामुळे धंदा पुन्हा जोरात. बाई पिशवी घेऊन उभ्या राहिल्या.

"छिलका किसलिए, मैडम?"

"बच्चों के लिए," घाईत बाईंनी सांगून टाकलं.

भय्याने पिशवी भरून दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. टरफलांवर चार उकडलेली अंडी ठेवून, दोन्ही हातांनी पिशवी देत तो म्हणाला, "मैडम, बुरा मत मानिए. बच्चों को अंडा खिलाइए, छिलका नहीं. पैसा मत दीजिए." बाईंनी त्याला पोथीची गोष्ट हिंदीतून समजावली. ती ऐकून त्याची दया अजूनच वाढली असं दिसलं, कारण पुढे श्रावण संपेपर्यंत तो अंडी देतच राहिला. ती अंडी मी खाल्ली. श्रावण असूनही खाल्ली, आणि टरफलं बरणीत टाकली.

पिढ्या वाढत होत्या. लाल आया झाल्या, हिरव्या आया झाल्या. गोगलगाय नरही असते आणि मादीही, दोन्ही एकातच. हे कळल्यावर माझी बायको म्हणाली, "बरंय बाई. बाळंतपण कुणी करायचं हा वादच नाही." बाईंची एक जुनी विद्यार्थिनी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होती, पानं चिकटली का सुटली ते ती तपासून द्यायची. एक दिवस तिचा फोन आला तेव्हा बाई माझ्या गाडीतच होत्या. फोन ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांनी "जरा दाबा" म्हटलं नाही.

"काय झालं?"

"फरकच नाही म्हणते. लाल आणि हिरवी, दोन्हींची पानं सारखीच चिकटलेली. केळव्याची माती मी तपासून घेतली होती. शिसं नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम नाही, पारा नाही. मग चिकटवली कुणी?"

पावसाने उघडीप दिली तशी आम्ही परत केळव्याला गेलो. वाडीवाले काका एका पिंपात काठीने काहीतरी ढवळत होते. आम्हाला बघून त्यांनी हात वर केला. तो कोपरापर्यंत निळा होता. पिंप निळं, पोफळींचे बुंधे निळे, खाली पाटाच्या कडेची माती निळसर.

"पटकन सांगा, हे काय आहे?" बाईंचा आवाज चिरकला.

"बोर्डो, बाय. मोरचूद न् चुना. पावसात पोफळीला रोग येतो ना, त्याच्यावर. माझा बाप मारायचा, त्याचा बाप मारायचा. ह्या अख्ख्या आळीत माझ्या वाडीसारकी वाडी नाय!"

मोरचूद म्हणजे तांबं. शाळेत आपण सगळेच हे शिकलेलो असतो.

बाई पाटाच्या कडेला मटकन बसल्या. मी त्यांना कुठे बसताना फारसं पाहिलं नव्हतं, तेही अशा ओल्या जागी. त्यांनी मातीत एकेक धातू शोधला होता, फक्त तांबं सोडून. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे तांब्याला विष कोण म्हणेल? आजोबांपासून आपण रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवतो आणि सकाळी उपाशीपोटी पितो. बाईंच्या पर्समध्येसुद्धा तेव्हा तांब्याची बाटलीच होती. आपल्या पोटाला ते मानवत असेल, पण गोगलगायीला तांबं अजिबात चालत नाही.

काका गोंधळले. "माजी वाडी घान हाय म्हंता काय?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "वाडी सुरेख आहे. तुमचं काही चुकलं नाही. मीच बावळट."

काकांनी गुपचूप शहाळं सोलून त्यांच्या हातात दिलं. जवळच एक हिरव्या ठिपक्याच्या घराण्यातली मोकळी गोगलगाय पानवेलीवर चढत होती. ती बघून काका खालच्या आवाजात मला म्हणाले, "एवढा मोरचूद मारतो, तरी मरत नाय हो. तुमीच काय ते बघा."

परतीच्या वाटेवर बाई ते शहाळं तसंच मांडीवर धरून बसल्या होत्या. मला ते सोसेना. मी म्हटलं, "बाई, जाऊ द्या. निवृत्तीला वर्षही राहिलं नाही. एवढं काय त्या गोगलगायींचं?"

"पटकन सांगते," त्या म्हणाल्या. पण पटकन काही सांगेनात. मनोरकडे जाणारा फाटा मागे पडला तेव्हा कुठे बोलल्या.

त्यांचे यजमान वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात होते. मी त्यांना पाहिलेलं नाही, आम्ही इथे राहायला यायच्या आधीच ते गेले. हृदयविकाराने गेले, आणि बाईंनी त्याचा दोष कारखान्याला कधी दिला नाही, कारण पुरावा नव्हता. पण रोज संध्याकाळी ते आंघोळीला बसले की मोरीतून रंगीत पाणी वाहायचं. त्यांची लहान मुलगी दारात उकिडवी बसून बघायची आणि आईला ओरडून सांगायची, "आज पिवळे बाबा!" कधी निळे, कधी हिरवे. मग तेच बाबा तिला उचलून खांद्यावर घ्यायचे. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली. तिचं मूल पोटातच गेलं. मग दुसरंही गेलं. डॉक्टरांना कारण सापडेना. एकदा तिने फोनवर आईला विचारलं, "आई, माझ्यात बोईसर राहिलंय का गं?"

"मी म्हटलं, पुरावा नाही," बाई म्हणाल्या. "ती म्हणाली, मग बघून सांग ना. तुझं तेच काम आहे." खिडकीबाहेर बघत त्यांनी नाक पुसलं. "गोगलगायीचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे मलाही कळतं. पण ती म्हणाली, बघून सांग. आणि मी बघायला घेतल्या कुठल्या, तर मोरचूद खाल्लेल्या!"

त्या दिवसापासून मी गोगलबाई हा शब्द उच्चारला नाही. दुसऱ्या कुणी उच्चारला की मला राग यायचा.

नव्याने सुरुवात करायची तर स्वच्छ गोगलगायी नव्याने आणायला हव्या होत्या. या वेळी आम्ही जव्हारच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावर गेलो. पावसाच्या भरवशावरची भातशेती, दिवाळीनंतर निम्मी घरं कामाला बाहेर. एका अंगणात म्हातारी सूप पाखडत होती. या खेपेला बाईंनी आधी औषधाचं विचारलं.

"भाताला औषध काय मारता, आजी?"

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "औषिद? आमालाच मिळं नाय, बाय, भाताला कुठनं मारू?"

हे उत्तर ऐकून हसावं की गप्प बसावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाई मात्र लगेच बांधावर वाकल्या.

"खायाला नेतंस का?" म्हातारीने विचारलं.

"नाही, पाळायला."

म्हातारीने शेजारणींना हाका मारून बोलावलं आणि बाईंकडे बोट दाखवून सगळ्या जणी पोट धरून हसल्या. मग तिला दया आली असावी, तिने नदीतल्या शिंपल्या कशा शिजवतात ते सांगितलं. मिठाचं पाणी म्हणताच बाईंनी डबा छातीशी धरला.

या नव्या घराण्याला पिवळं नेलपॉलिश लागलं. इकडे बाई निवृत्त झाल्या आणि निरोपसमारंभाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खोलीत संगणक आले. पेट्या घरी आल्या, म्हणजे आमच्या दारासमोर.

पुढचा पावसाळा आमच्या इमारतीच्या इतिहासात अजरामर आहे. आमचे सेक्रेटरी खानदेशातले, वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, नियमांचे पक्के. त्यांच्या स्कूटरच्या सीटवर एका सकाळी चकाकता चिकट पट्टा दिसला. लगेच पार्किंगमध्ये सभा. "पाळीव प्राण्यांच्या नियमात कुत्रा आहे, मांजर आहे, पोपट आहे. गोगलगाय बसते का यात?"

"पुरावा आहे?" बाईंनी विचारलं. "पावसात गोगलगाय कुठूनही येते. माझ्या सगळ्यांना नेलपॉलिश आहे."

झालं! सगळ्या इमारतीला छंदच लागला. जो तो कुंडीतली, जिन्यातली, मोरीतली गोगलगाय कागदावर घेऊन बाईंच्या दारात. "ही तुमची का बघा." बाई शंख उलटसुलट करून "नाही" म्हणत आणि माणूस हिरमुसून परत जाई. नाल्याकडच्या, बागेतल्या, कुठकुठल्या गोगलगायी आमच्या जिन्यावरून मिरवल्या. शेवटी सेक्रेटरीच विजयी मुद्रेने आले. त्यांच्या तुळशीवर सापडलेली गोगलगाय त्यांनी चिमट्यात धरली होती. शंखावर लालभडक ठिपका.

दुसरी कुणी असती तर वाद घातला असता. बाई म्हणाल्या, "माझीच आहे. चुकलं. तुळस मी नवी आणून देते." सेक्रेटरी भांडायच्या पूर्ण तयारीने आले होते, त्यांची फार निराशा झाली. पुढे तेच तिची चौकशी करू लागले. "आमची लाल कशी आहे?"

आणि मुलीला पुन्हा दिवस गेले.

बाईंनी हे कुणालाच सांगितलं नाही. पाच महिने उलटल्यावर माझ्या बायकोला सांगितलं, तेही कानात. बायको हरखून म्हणाली, "मग सातव्यात आणा तिला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. मी डिंकाचे लाडू करते."

"इथं नाही आणायची," बाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या, पण बातमी फुटायची ती फुटलीच. आई जिवंत, धडधाकट, निवृत्त, घर रिकामं, आणि मुलीला बाळंतपणाला आणत नाही! बायका कुजबुजू लागल्या की मुलीपेक्षा गोगलगायी जास्त झाल्या. बाईंच्या कानावर ते गेलं. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "ही हवा तिच्या नाकात जाऊ द्यायची नाही मला. पुरावा नाही, तरी नाही. मीच जाते पुण्याला." मग मनगट उलटं न करताच म्हणाल्या, "आता तिसऱ्या पिढीची अंडी येतील. मला इथं थांबता यायचं नाही. तुम्ही बघाल?"

मला किळस येते हे त्यांना आता पुरतं माहीत होतं. तरी त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो, आणि आत जाऊन हात धुऊन आलो. तोवर कशाला हातही लावला नव्हता.

तर पुढचे महिने मी, एक हिशेबाचा मास्तर, रोज गोगलगायींना कोबीची पानं घालत होतो आणि फवाऱ्याने पाणी शिंपडत होतो. पुण्याहून फोन यायचा, "पटकन सांगा, अंडी दिसली?" एका चतुर्थीला दिसली. मातीत, साबुदाण्यासारखी, भिजवलेली. मी बायकोला हाक मारून दाखवली. तिने त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी केली नाही आणि अजूनही करत नाही. मीही आग्रह धरत नाही.

पुढल्या आठवड्यात पिल्लं निघाली. नखाएवढीही नाहीत, शंख इतके पातळ की आतलं दिसावं. मी बाईंना फोन लावला. तो त्यांच्या जावयाने उचलला आणि म्हणाला, "काका, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत." मी म्हणालो, "इकडेही." "काय?" त्या बिचाऱ्याने विचारलं. मग मीही काही समजावत बसलो नाही, सरळ रडलो. बायकोने फोन हातातून घेतला आणि रीतसर अभिनंदन केलं.

पिल्लं थोडी वाढल्यावर मुंबईची विद्यार्थिनी येऊन हवी तेवढी घेऊन गेली. उरलेली मी सांभाळली. निकाल आला तोवर पुण्याची नात पालथी पडू लागली होती. विद्यार्थिनीने मलाही कळवलं. पिवळ्यांची पानं सुटी होती. लालच्या तिसऱ्या पिढीची बरीचशी सुटली होती, पण काही अजून चिकटलेली होती. जन्मभर स्वच्छ मातीत राहूनसुद्धा.

बाई आता पुण्यालाच राहणार होत्या. मुलीची नोकरी, बाळाला बघायला कुणीतरी हवं. घर आवरायला त्या एका रविवारी आल्या, आणि त्यांच्या मनाविरुद्ध मुलगीही बाळाला घेऊन आली. "एक दिवस तरी मला माझ्या घरी येऊ दे," असं म्हणून ती गाडीत बसून मोकळी झाली होती. दार उघडताच बाई खिडक्या लावत सुटल्या.

दुपारी सगळे आमच्याकडे जेवायला होते. मी अवघडत विचारलं, "निकालाचं हिला सांगितलंत?"

"सांगितलं," बाई म्हणाल्या. "पूर्ण गेलं असं म्हणता येणार नाही. आणि गोगलगायीचं माणसाला लागू होतंच असंही नाही. दोन्ही सांगितलं."

मुलगी बाळाला मांडीवर नाचवत होती. हसून म्हणाली, "आईला वाटलं मी रडणार. काका, खरं सांगू? मला बरं वाटलं. बाबा माझ्या लग्नाला नव्हते, हिच्या बारशाला नव्हते. म्हटलं, चला, त्यांचं काहीतरी हिच्यापर्यंत आलं."

"असं नसतं गं ते," बाई म्हणाल्या. "हा काही पुरावा नव्हे."

"मी कुठे म्हणाले पुरावा?"

बाई ताटातला भात नुसताच कालवत राहिल्या. माझी बायको उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

निघायच्या वेळी मुलगी त्यांच्या रिकाम्या घरातून बाळाला घेऊन गॅलरीत गेली आणि बाईंनी लावलेली खिडकी तिने सताड उघडली. दुसरी शिफ्ट चालू होती. वसाहतीवरून तो आमचा नेहमीचा, जरा आंबूस, जरा जळका वास आला. तिने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मग बाळाला उंच धरून धुराड्यांकडे बोट दाखवत म्हणाली, "ते बघ. तिथं तुझे आजोबा कामाला होते. बघितलंस? तिथं."

बाई मागून धावत आल्या. त्यांनी पदर पुढे ओढून बाळाच्या नाकावर धरला. मुलीने तो बाजूला केला. बाईंनी परत धरला. मुलीने परत बाजूला केला. बाळाला तो खेळ वाटला असावा, ते खदखदून हसायला लागलं. मग मुलगीही हसायला लागली, आणि बाई रडत रडत, पदराचं टोक तसंच हातात धरून, धुराड्यांकडे बघत उभ्या राहिल्या.